थ्रूआउट सिक्स्टी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कुणालाही ‘थ्रूआउट सिक्स्टी’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के. चालू बॅकलॉग शून्य. शिक्षणात एक वर्षाहून जास्त गॅप नको. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या नोटिशीत हे निकष इतक्या सवयीने छापलेले असतात की ते कुणी ठरवले आणि का ठरवले, हे विचारायचं सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी हेच निकष मी कोडमध्ये लिहिले.

काम साधं होतं. कंपनीकडे नवशिक्यांचे अर्ज हजारोंनी यायचे आणि एचआरला त्यांची पहिली चाळणी आपोआप व्हायला हवी होती. चाळीसेक ओळींचं कोड. आमच्या टीमला अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. नाव, आडनाव, फोटो, लिंग, गाव हे सगळे कॉलम आम्ही अर्ज वाचणाऱ्यापासून लपवले होते. आडनाव दिसलंच नाही तर जात कशी बघणार? आमचं सॉफ्टवेअर सगळ्यांना सारखं वागवतं, असं मी चारचौघांत सांगायचो.

पुढच्या वर्षी माझ्याच कॉलेजमधल्या एका ज्युनियर मुलीचा मेसेज आला. “दादा, अर्ज टाकला आणि चहा होईस्तोवर रिजेक्टचा मेल आला. कुणी वाचला तरी का?” कुणीच वाचला नव्हता, हे मला माहीत होतं. मार्क चांगले होते, बॅकलॉग नव्हता. पण बारावीनंतर दोन वर्षं गॅप होती. घरी पैसे एकाच्याच फीपुरते होते, ते भावासाठी वापरले गेले. मग ती घरी बसली, आणि दोन वर्षांनी भांडून इंजिनिअरिंगला आली. माझ्या कोडच्या लेखी ती ‘गॅप जास्त’ एवढीच होती.

मी तिला “कंपनीची पॉलिसी आहे” असं काहीतरी लिहिलं. पण हा भेदभाव झाला का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. कुणाच्याही मनात तिच्याविषयी वाईट नव्हतं. तिचं नावही कुणाला दिसलं नव्हतं. मग चूक असेल तर ती नेमकी कशात होती? हे शोधत असताना मी तरुणाभ खैतान यांच्या ‘अ थिअरी ऑफ डिस्क्रिमिनेशन लॉ’ या २०१५ सालच्या पुस्तकापर्यंत पोहोचलो. कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसाला ते जड जातं. मला पुरते चार महिने लागले. तरी नोकरीला लागताना, घर भाड्याने घेताना किंवा नुसतं हॉटेलात शिरताना ज्याला कधी ना कधी चाळणीतून जावं लागतं, त्या प्रत्येकाच्या कामाचं ते पुस्तक आहे असं मला वाटतं. त्यात काय पटलं आणि काय अपुरं वाटलं, ते इथे मांडतो.

आधी खैतान कुणाशी वाद घालतायत ते बघू. भेदभाव वाईट का, याची दोन उत्तरं बऱ्यापैकी प्रसिद्ध आहेत.

पहिलं उत्तर भेदभाव करणाऱ्याच्या डोक्यात डोकावतं. बेंजामिन आयडेलसन यांचं ‘डिस्क्रिमिनेशन अँड डिसरिस्पेक्ट’ हे पुस्तकही २०१५ चंच. समोरच्याला स्वतंत्र माणूस म्हणून जे वजन द्यायला हवं ते निर्णय घेताना न देणं, म्हणजेच अनादर, हा त्यांच्या मते भेदभावातला मूळ दोष. आपल्याला रोजच्या बोलण्यात हेच उत्तर सुचतं. “मी जातपात मानत नाही” म्हणणारा माणूस स्वतःच्या मनाची साक्ष काढत असतो.

दुसरं उत्तर डेबोरा हेलमन यांचं, २००८ च्या ‘व्हेन इज डिस्क्रिमिनेशन राँग?’ या पुस्तकातलं. त्या म्हणतात, करणाऱ्याच्या मनात काय होतं ते सोडा, त्या कृतीचा समाजात अर्थ काय होतो ते पाहा. ती कुणाला हीन ठरवते का? मुख्याध्यापकांनी आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे मुलांना दोन बाजूंना बसवलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कातडीच्या रंगाप्रमाणे बसवलं तर बिघडतं, कारण त्या रंगाला इतिहास आहे. हे उदाहरण वाचताना मला थोडं हसू आलं. आपल्याकडे पहिलं अक्षर निरुपद्रवी असेलही, पण पूर्ण आडनाव मोठ्याने वाचल्यावर वर्गात काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला हेलमन यांचा मुद्दा वेगळा शिकवावा लागत नाही.

माझी चाळणी या दोन्ही परीक्षा आरामात पास होते. अनादर करायला समोर माणूसच नव्हता. आणि ‘गॅप एक वर्षाहून जास्त नको’ या वाक्यातून कुणाची नालस्ती होते असं वरवर तरी दिसत नाही. आयडेलसन तर स्पष्टच सांगतात की ज्याला कायदा ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ म्हणतो, त्यात त्यांच्या अर्थाने भेदभावाचा खास दोष नसतो. मला इथेच थांबून सुटकेचा श्वास टाकता आला असता.

पण कायदा तिथे थांबलेला नाही, आणि यामागचं प्रकरण वाचताना मला माझ्याच ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त ‘लेबर’ विभागात घेत. त्या विभागातला सगळ्यात जास्त पगार इतर विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंशावरून नोकरी नाकारायला बंदी घातली. तो लागू झाला २ जुलै १९६५ ला. त्याच दिवशी कंपनीने लेबर सोडून इतर विभागांत नव्याने येणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या सुरू केल्या. हायस्कूल पास असण्याची अट आधीपासून होतीच. नियमात वंशाचा उल्लेखही नव्हता. मात्र १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि काळे पुरुष १२ टक्के. शिवाय हायस्कूल न झालेले जुने गोरे कामगार त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते. म्हणजे अट आणि काम यांचा संबंधच सिद्ध होत नव्हता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की हेतू चांगला असणं पुरेसं नाही. जी अट एका गटाला मोठ्या प्रमाणात बाहेर ठेवते आणि कामाशी जोडून दाखवता येत नाही, ती बेकायदेशीर.

‘थ्रूआउट सिक्स्टी’ लिहिताना मी एकदाही विचारलं नव्हतं की दहावीतल्या साठ टक्क्यांचा आणि जावा येण्याचा संबंध काय.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रवास जास्त वळणावळणाचा आहे. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचे सेवानियम न्यायालयापुढे आले. पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी संपली, पहिल्या गरोदरपणातही संपली. तशाच स्वरूपाचं काम करणारे पुरुष अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत राहत. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण लग्नाची राखली. एक कारण असं की हवाई सुंदरी हा वेगळा संवर्ग आहे, त्यामुळे तुलनाच होत नाही. दुसरं असं की संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये ‘केवळ’ लिंगाच्या कारणावरून भेदभावाला मनाई आहे, आणि इथे लिंगासोबत इतरही बाबी आहेत. ‘केवळ’ या एका शब्दाने माझ्यासारख्या किती चाळण्या सुटत असतील!

चाळीस वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात न्यायालय दुसऱ्या टोकाला पोहोचलं. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्या, असं २०२० मध्ये सांगून झालं होतं. लष्कराने निकष लावले, आणि कागदावर ते पुरुषांचेच निकष होते. पण पुरुषांची वैद्यकीय तपासणी तरुणपणी, सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झालेली. या बायकांना मात्र इतक्या वर्षांनी, वय वाढल्यावर, तीच तंदुरुस्ती दाखवायची होती. त्यांचे जुने गोपनीय अहवाल अशा काळात लिहिलेले होते की त्यांना कायमस्वरूपी कमिशन कधी मिळेल असं लिहिणाऱ्यालाही वाटत नव्हतं, त्यामुळे ते काळजीने लिहिण्याची गरज कुणाला भासलेली नव्हती. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली, हे लष्कराचं म्हणणं खरंच होतं. ती फूटपट्टी कुणाच्या आयुष्यावरून बेतली, हा न्यायालयाचा प्रश्न होता.

असे निकाल ‘मन’ किंवा ‘संदेश’ या उत्तरांत नीट बसत नाहीत. खैतान यांचं महत्त्व इथे आहे. ते आधी आदर्श तत्त्व ठरवून मग कायद्याला त्यात कोंबत नाहीत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका आणि भारत या पाच देशांतला कायदा प्रत्यक्षात काय करतो ते बघतात, आणि मग विचारतात की हे सगळं कुठल्या उद्देशाने केलं तर शहाणपणाचं ठरेल.

त्यांनी दिलेल्या चार खुणा मला माझ्या भाषेत अशा समजल्या. नियमाचा संबंध जात, लिंग, धर्म, अपंगत्व अशा एखाद्या व्यक्तिगत वैशिष्ट्याशी असतो. त्या वैशिष्ट्यामुळे किमान दोन गट पडतात. त्यातला एक गट दुसऱ्याच्या मानाने मागे असतो, आणि तो थोडाथोडका नाही, तर ठळकपणे, आयुष्याच्या अनेक क्षेत्रांत आणि दीर्घकाळ. चौथी खूण मला सगळ्यात रंजक वाटली: या कायद्याचा थेट लाभ गटातल्या सगळ्यांना न होता काहींनाच होतो. रेशन सगळ्या पात्र कुटुंबांना मिळतं. भेदभावाचा खटला मात्र एक बाई जिंकते, आणि नोकरी तिलाच मिळते. तरी तिच्या जिंकण्याने गटाची जागा किंचित सरकते.

मग उद्देश काय? गटागटांमधलं हे टिकाऊ अंतर कमी करणं. आणि अंतर कमी का करायचं? इथे बहुतेक जण ‘समता’ म्हणतील. खैतान ‘स्वातंत्र्य’ म्हणतात. तत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांच्या विचारावर उभं राहून ते सांगतात की माणसाला स्वतःचं आयुष्य स्वतः घडवायचं तर त्याच्यावर दुसऱ्याची जबरदस्ती नको, निवडायला पुरेशा चांगल्या संधी हव्यात, आणि आपण निवड करायला लायक आहोत हा आत्मसन्मान हवा. मागे पडलेल्या गटातल्या माणसाला या तिन्ही गोष्टी कमी मिळतात.

हा फरक शब्दांचा खेळ वाटू शकतो, म्हणून एक प्रकरण सांगतो. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराला सार्वजनिक तरणतलाव काळ्या लोकांसाठी खुले करावे लागणार होते. शहराने ते सगळ्यांसाठीच बंद केले. १९७१ मध्येच, ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवरच्या निकालानंतर काही महिन्यांत, त्याच सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. पाणी कुणालाच नाही, मग असमान काय? नुसत्या समतेच्या गणिताने याला हरकत घेणं अवघड जातं. स्वातंत्र्याच्या गणितात हरकत सरळ दिसते. संधी वाढल्याच नाहीत, आणि कुणाच्या आत्मसन्मानाला धक्का बसला हेही सगळ्या शहराला माहीत होतं.

इथवर मी खैतान यांच्यासोबत आहे. माझ्या ज्युनियरच्या बाबतीतही त्यांची मांडणी मला पहिल्यांदा नीट प्रश्न विचारायला लावते. ‘तू वाईट आहेस का?’ याऐवजी ती विचारते की शिक्षण मध्येच थांबण्याची वेळ कुणावर जास्त येते, आणि त्या थांबण्याला तू दुसऱ्यांदा शिक्षा करतोयस का. घरात फी एकाचीच भरता येते तेव्हा ती कुणाची भरली जाते, हे सांगायला मला सर्वेक्षण लागत नाही. ते घर माझ्या ओळखीचं आहे.

पण दोन ठिकाणी मी अडलो.

पहिलं गरिबीचं. मुलगी म्हणून तिला या कायद्यात जागा आहे. पण माझ्या चाळणीत अडकलेला, बापाच्या आजारपणात दोन हंगाम शेती सांभाळून मग कॉलेजात आलेला मुलगा? खैतान यांच्या चौकटीत संरक्षण मिळतं ते साधारणपणे बदलता न येणाऱ्या किंवा माणसाच्या मूलभूत निवडीशी जोडलेल्या वैशिष्ट्यांना. गरिबी त्यात सहज बसत नाही. कल्याणकारी योजना तिच्यासाठी आहेत, हा युक्तिवाद मला कळतो. पण योजना त्याला शिष्यवृत्ती देईल, माझ्या कोडमधली ओळ पुसणार नाही. ज्या सिद्धान्ताने मला परिणाम बघायला शिकवलं, तोच एका परिणामाकडे पाठ फिरवतो असं मला वाटलं.

दुसरी अडचण महाडची आहे. चवदार तळं पालिकेचं होतं, ते अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव पालिकेने १९२४ मध्ये केलेला होता. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांसोबत लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, पालिकेने ठराव मागे घेतला आणि सवर्णांनी दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने लागला. पण तो लागला कशावर? अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही, यावर. दहा वर्षांच्या लढाईला न्यायालयात स्वतःचं नावही मिळालं नाही, कारण त्या वेळच्या कायद्यात या अन्यायासाठी शब्द नव्हता. तो शब्द अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात आला: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्याआधी चौदा वर्षं.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या महाडच्या भाषणात स्पष्ट केलं होतं की या तळ्याच्या पाण्यावाचून आपलं काही अडलेलं नव्हतं, आपण माणसं आहोत हे प्रस्थापित करायला आपण तिथे जात आहोत. खैतान यांच्या भाषेत याला ‘आत्मसन्मान हे हित’ म्हणता येईल, आणि त्यांच्या यादीत ते आहे. पण यादीतलं तिसरं कलम म्हणून ते वाचताना काहीतरी निसटतं. हितांची वाटणी उद्या सुधारता येते. तळ्यावरून हाकलल्या गेलेल्या माणसाला त्या क्षणी जे सांगितलं गेलं, ते वाटणीच्या हिशेबात मावत नाही. खैतान कायद्याचा एकूण उद्देश आणि एका माणसाशी झालेली चूक यांची चर्चा वेगवेगळी करतात, आणि पहिली चर्चा दुसरीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. दुसरीसाठी मला हेलमन यांच्याकडे परत जावं लागलं. माझ्या ज्युनियरनेही नोकरी गेल्याची तक्रार केली नव्हती. “कुणी वाचला तरी का?” असं तिने विचारलं होतं.

तरी पुस्तकातली एक गोष्ट मी सोडू शकत नाही. हे कर्तव्य कुणावर? खैतान म्हणतात, सगळ्यांवर नाही. आपण मित्र कोण निवडतो यात कायदा पडत नाही. राज्यसंस्था, मालक, घरमालक, वस्तू आणि सेवा विकणारे, म्हणजे ज्यांच्या दाराशी लोकांना जावंच लागतं, त्यांच्यावर. भारतात खाजगी नोकरीच्या दाराशी हे कर्तव्य आज तुटक आहे. अपंगत्वासाठी २०१६ चा कायदा, एचआयव्हीसाठी २०१७ चा, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा. पण जात, धर्म, लिंग सगळं एकत्र घेऊन खाजगी नोकरी आणि भाड्याच्या घराला लागू होईल असा एकच कायदा नाही. शशी थरूर यांनी त्यासाठी लोकसभेत २०१६ चं भेदभावविरोधी आणि समता विधेयक खाजगी विधेयक म्हणून मांडलं होतं. त्याच्या मसुद्यामागे खैतानही होते. ते पास झालं नाही.

म्हणजे माझी चाळणी कायद्याच्या तावडीत येण्याची शक्यता आजही फारशी नाही. दार माझ्या कोडचं होतं, आणि मी स्वतःला दारवानही समजत नव्हतो.

पुस्तक संपल्यावर मी एचआरच्या मॅडमना विचारलं की गॅपची अट कशासाठी आहे. त्या म्हणाल्या, “आधीपासून आहे.” मी विचारलं, काढू का? पंधरा दिवस मेलामेली झाली आणि ती ओळ गेली. दहावी-बारावीच्या साठ टक्क्यांची अट गेली नाही. अर्ज फार येतात, कुठेतरी कापावं लागतंच, असं उत्तर आलं. ड्यूक पॉवरनेही कदाचित असंच काही म्हटलं असतं. ती ओळ अजून आहे, आणि गिटमध्ये तिच्यापुढे माझं नाव आहे.

ज्युनियरला मी पुन्हा मेसेज केला. गॅपची अट काढली आहे, या वर्षी अर्ज टाक, असं लिहिलं. आणि तिच्या जुन्या प्रश्नाचं खरं उत्तरही: नाही, कुणीच वाचला नव्हता, तो नियम मीच लिहिला होता. तिने दोन दिवसांनी लिहिलं, “दादा, मला दुसरीकडे लागली नोकरी. पण माझ्या वर्गातल्या तिघींना सांगते.”